धूळपाटीवरची शेती

तालुक्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून उभ्या असलेल्या पेढ्यांपैकी एकीचा तो धाकटा वारस. आजोबांनी गुळाच्या आडतीने आरंभ केला, वडिलांनी तिला बी-बियाणे व खतांची जोड दिली आणि परिसरात द्राक्षबागा वाढत गेल्या तशी औषधांची फडताळे दुकानाची निम्मी भिंत व्यापून बसली. 'औषध' हा शब्द आपल्याकडे मोठा सोयीचा ठरला आहे. जे प्यायल्याने माणूस बरा होतो तेही औषध आणि जे फवारल्याने कीड मरते, प्रसंगी फवारणाराही दगावतो, तेही औषधच. शेतकरी हा शब्द भाबडेपणाने वापरतो. दुकानदार मात्र तो जाणूनबुजून वापरतो, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

पर्युषणातील एका प्रवचनात श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांची नावे सांगितली गेली. त्यांत 'विषवाणिज्य' हा शब्द आला तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या अण्णांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, मान खाली घातली. घरी परतल्यावर त्या विषयावर कोणीच बोलले नाही. व्यापारी घरात अशा गोष्टी बोलल्या जात नाहीत; त्या खातेवहीच्या शेवटच्या पानावर शिलकीसारख्या पडून राहतात. पुढे २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तो जिल्हा दूर, ते पीक वेगळे. तरीही वर्तमानपत्रात छापून आलेल्या औषधांपैकी काही नावे आपल्याच फडताळावर आहेत, हे त्याने पाहिले आणि अण्णांनीही.

सेंद्रिय शेतीविषयी नीट वाचून समजून घ्यावे, असे त्याला वाटू लागले ते तेव्हापासून. इंग्रजीत विपुल साहित्य होते. मराठीत मात्र पत्रके, मेळाव्यांतील भाषणे आणि 'महिन्याभरात जमीन सोन्याची' अशा धाटणीच्या पुस्तिका. सलग, भरवशाचे आणि फुकट वाचायला मिळेल असे हाताशी फार थोडे लागले. वास्तविक ज्ञान एका ठिकाणी गोळा करून ठेवण्याची परंपरा मराठीला नवी नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश हिमतीवर पुरा केला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशाचा संसार मांडला. परंतु खंड कपाटात राहतात आणि द्राक्षबागायतदाराचा प्रश्न सकाळी सहा वाजता बांधावर उभा असतो. २००३ पासून मराठीत चालू असलेला विकिपीडिया हा मुक्त ज्ञानकोश त्या बांधावरच्या भ्रमणध्वनीत उघडतो, एवढे एक कारण त्याला पुरेसे वाटले.

या कोशात कोणीही लिहू शकतो, हे ऐकून पहिल्यांदा त्याला धक्काच बसला. सरावासाठी तेथे एक पान असते. त्याला 'धूळपाटी' म्हणतात. सदस्यांनी एकत्र बसून बोलण्याच्या जागेला 'चावडी' असे नाव आहे. ही नावे ज्यांनी योजली त्यांना दाद द्यायला हवी. दुकान बंद करून रात्री नऊनंतर संगणकापुढे बसणाऱ्या माणसाला ती आपल्या गावातली वाटली.

पहिल्या आठवड्यात त्याने लिहिले की सेंद्रिय शेती हीच खरी शेती असून रासायनिक शेतीने भूमातेची हत्या चालविली आहे. दुसऱ्या दिवशी ते वाक्य नाहीसे झालेले होते. कोणा अनोळखी सदस्याने चर्चापानावर नम्रपणे विचारले होते : हे कोणाचे मत आहे, ते कोठे छापले गेले आहे आणि दुसरी बाजू काय म्हणते? चांगल्या कार्याचा प्रचार करायलाही पुरावा द्यायचा, ही गोष्ट त्याला काही दिवस रुचली नाही. मात्र पेढीवर वाढलेल्या माणसाला हा नियम समजायला फार वेळ लागत नाही. वहीत नोंद करायची तर हाती पावती हवी. आपल्या घरचा माणूस सांगतो म्हणून रक्कम जमा धरता येत नाही. तटस्थ दृष्टिकोन, पडताळून पाहता येईल असा संदर्भ आणि स्वतःचे अप्रकाशित संशोधन न घालणे, ही या कोशाची बैठक आहे. प्रत्येक बदल कोणी व केव्हा केला याचा 'इतिहास' पानामागे कायम उपलब्ध असतो. खाडाखोड लपत नाही. अशी वही कित्येक पेढ्यांनाही साधलेली नाही.

पुढील लेखन मग पावत्यांसह झाले. सर अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ १९०५ साली भारतात आले ते येथील शेती सुधारण्यासाठी. प्रत्यक्षात येथील शेतकऱ्यांनाच, आणि किडींनाही, त्यांनी आपले गुरू मानले. १९२४ पासून त्यांनी इंदूर येथील संस्थेत पालापाचोळा, शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांचे थर रचून, ते ठरावीक काळाने उलथून, सुमारे तीन महिन्यांत उत्तम खत तयार करण्याची रीत बसविली. 'इंदूर पद्धत' या नावाने ती जगभर गेली आणि १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथामुळे पाश्चात्त्य देशांतील सेंद्रिय चळवळीला पाया मिळाला. मराठी मुलखाला लागून असलेल्या इंदूरचे हे ऋण जगाने मानले.

हे लिहिताना मन सुखावते. खरी कसोटी लागली ती उत्पन्नाच्या परिच्छेदाशी. २०१२ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तौलनिक अभ्यासात सेंद्रिय शेतीचे उत्पादन पीक व परिस्थितीनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळले होते. हा आकडा लेखात घालायचा की नाही? प्रचारकाने तो गाळला असता. त्याने घातला. श्रीलंकेत एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी आली, शेती कोलमडली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती बंदी मागे घ्यावी लागली, हेही लिहिले. सिक्कीम हे राज्य टप्प्याटप्प्याने, दशकभराहून अधिक काळ तयारी करून, जानेवारी २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय म्हणून जाहीर झाले, हे त्याच्या शेजारी ठेवले. दोन्ही नोंदी एकत्र वाचणारा शेतकरी घाईने कर्जात पडणार नाही, असा त्याचा हिशेब होता. सेंद्रिय शेतीचा याहून प्रामाणिक प्रचार दुसरा असू शकेल का, याबद्दल शंका आहे.

एक अडचण मात्र सुटली नाही. ज्यांच्याकडे खरे ज्ञान आहे, ते छापलेले नसते. चाळीस वर्षे एकही फवारा न मारता हळदीचे पीक घेणारा वृद्ध शेतकरी पेढीवर बसून तासभर बोलतो. त्यातले एक वाक्यही कोशात घेता येत नाही, कारण त्याला संदर्भ नाही. ही उणीव फार पूर्वी ओळखली ती कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी. मुळात गणिताचा हा अभ्यासक. 'प्रयोग परिवार' नावाने त्यांनी शेतकऱ्यांचे असे जाळे विणले की ज्यात प्रत्येकाने आपल्या बांधावर प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी आणि ती इतरांना कळवावी. द्राक्षशेतीच्या भरभराटीत या देवाणघेवाणीचा मोठा वाटा होता. दाभोळकरांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक हाती आल्यावर त्याला उलगडा झाला : कोश नंतर येतो, आधी कोणीतरी बांधावरचे लिहून, छापून ठेवावे लागते. तेव्हापासून पेढीवर येणाऱ्या अशा शेतकऱ्यांच्या हकिगती लिहून तो कृषिविषयक मासिकांकडे पाठवू लागला. त्यांतील थोड्या छापून आल्या.

ग्रंथांच्या प्रती करवून त्या दान देण्याची आपली चाल जुनी आहे. दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती लिहवून घेऊन वाटल्या, असे सांगतात. त्या लेखनिकांनाही ग्रंथात आपल्या पदरचे चार श्लोक घुसडण्याची मुभा नव्हती.

मुभा हवी होती ती त्याच्या चुलत भावाला. पेढीने सेंद्रिय गूळ विकायला काढलाच आहे, तर लेखात पेढीचे नाव एका ओळीत यायला काय हरकत आहे, असे तो म्हणाला. "दादा, रात्री जागून फुकट लिहितोस, एवढं तरी पदरात पडू दे." दादाने नाव घातले नाही. उलट आपण गुळाचे व शेती-औषधांचे व्यापारी आहोत, हे त्याने स्वतःच्या सदस्यपानावर उघड लिहून ठेवले आणि गुळाच्या लेखाला हात लावायचे टाळले.

पेढीचे ज्ञान उपयोगी पडले ते भलत्याच ठिकाणी. कीटकनाशकाच्या डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसतो : लाल म्हणजे अतितीव्र विष, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा. फवारणी व काढणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, हे माहितीपत्रकावर बारीक अक्षरात छापलेले असते आणि ते पत्रक बहुधा डब्यासोबतच उकिरड्यावर जाते. २०१० साली भारतीय द्राक्षे वाढ-नियंत्रक रसायनाच्या अंशांमुळे युरोपात अडकून पडली, तेव्हा अशा बारीक अक्षरांची किंमत बागायतदारांनी मोजली होती. हे सर्व त्याने सरकारी नियमांच्या आधारे लिहिले. काही दिवसांनी एक तरुण शेतकरी गल्ल्यासमोर उभा राहून भ्रमणध्वनीवर तोच मजकूर वाचत म्हणाला, "शेठ, हा लाल त्रिकोणवाला नको. दुसरं काय आहे?"

गल्ल्यावर अण्णा होते. त्यांनी दुसरे काढून दिले; त्यात नफा कमी होता. त्या रात्री जेवताना त्यांनी विचारले, "हे तू लिहिलंस?" त्याने होय म्हटले. अण्णांनी पुढे काही विचारले नाही. दिवाळीच्या वहीपूजनानंतर नवीन मालाची यादी झाली तेव्हा त्यांनी लाल त्रिकोणाच्या नावांवर स्वतः काट मारली. बाकीची फडताळे अजून तशीच आहेत. दोन मुलांचे शिक्षण आणि तीन नोकरांचे पगार त्यांवर चालतात; हे नाकारून भागत नाही.

सध्या लेखातील ज्या विभागाशी तो झगडतो आहे, तो रूपांतरणाच्या काळाचा. राष्ट्रीय प्रमाणीकरणाच्या नियमानुसार हंगामी पिकांसाठी पेरणीपूर्वी दोन वर्षे आणि फळबागांसाठी पहिल्या काढणीपूर्वी तीन वर्षे जमीन रसायनमुक्त ठेवावी लागते. सहभागी हमी पद्धतीत किमान पाच शेतकरी गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. त्यात खर्च कमी, पण वाट पाहणे चुकत नाही. या काळात उत्पन्न घटलेले असते आणि माल 'सेंद्रिय' म्हणून विकताही येत नाही. त्या दोन-तीन वर्षांत शेतकऱ्याला कोणी सांभाळायचे, याविषयी लेखात अद्याप ओळ नाही. अण्णांनी मात्र चार हळद-उत्पादकांना या हंगामापासून दोन वर्षांसाठी ठरीव भाव लिहून दिला आहे. तो कागद पेढीच्या तिजोरीत असतो. कोठेही छापलेला नसल्यामुळे कोशात त्याची नोंद होऊ शकत नाही.