फीत लागण्याआधी

उर्दूत व्याकरणाला ‘क़वाइद’ म्हणतात. ‘क़ाइदा’ या शब्दाचं ते अनेकवचन. सैन्याच्या मैदानावरच्या सरावालाही उर्दूत हाच शब्द आहे आणि तोच मराठीत येऊन ‘कवायत’ झाला. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे एका घरातून दुसऱ्या घरात नांदायला गेलेले असे शब्द मला रोज भेटतात. लष्करात तर त्यांची रांगच लागलेली आहे. इंग्रजांच्या काळात फौजेचा कारभार रोमन लिपीत लिहिलेल्या उर्दूत चालायचा, त्याचे ठसे अजून पुसलेले नाहीत. सिपाही, सुभेदार, हवालदार. हवालदार म्हणजे ज्याच्या हवाली काहीतरी केलेलं आहे तो. आणि या सगळ्यांत मला आवडणारा शब्द म्हणजे ‘उस्ताद’. भरती झालेल्या पोरांना जो शिकवतो, मग त्याच्या दंडावर दोन फिती असोत की तीन, त्याला जवान उस्ताद म्हणतात. आमच्याकडे हा शब्द मदरशातल्या गुरुजींना, गवयाला आणि कारागिरालाही लावतात.

या शब्दाची आठवण होण्याचं कारण माझा एक जुना विद्यार्थी. दहावीपर्यंत आमच्याच शाळेत, उर्दू माध्यमात शिकला. पायदळात भरती होऊन त्याला सात वर्षं झाली. मे महिन्यात सुट्टीवर आला तेव्हा घरी भेटायला आला आणि चहा थंड होईपर्यंत एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला. “टीचर, प्रमोशन कॅडरला नाव देऊ की नको?”

नको म्हणण्यामागचा त्याचा हिशेब पक्का होता. सैन्यात बढती मिळो न मिळो, 8, 16 आणि 24 वर्षांच्या नोकरीनंतर पगाराची वरची पायरी मिळण्याची सोय आहे. म्हणजे आणखी वर्षभराने पैसे तसेही वाढणार. “मग दहा जणांचं ओझं डोक्यावर कशाला घेऊ? आज माझी रायफल साफ असली की मी मोकळा. उद्या दहा रायफली माझ्या.”

हिशेब चुकीचा नव्हता. म्हणूनच त्याला उत्तर देणं सोपं नव्हतं.

ज्यांना लष्कराची पायरी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शिपायानंतर लान्स नाईक, त्याच्या दंडावर एक फीत. मग नाईक, दोन फिती. मग हवालदार, तीन. इथपर्यंतचे लोक पलटणीचा कणा. अधिकारी नकाशावर बोट ठेवून सांगतो की ही टेकडी घ्यायची. ती टेकडी चढताना उजव्या-डाव्या बाजूच्या माणसाला जो नावाने हाक मारतो, तो बहुतेक वेळा नाईक किंवा हवालदार असतो. पायदळाच्या सर्वांत लहान तुकडीला सेक्शन म्हणतात. साधारण दहा माणसं, आणि त्यांचा एक सेक्शन कमांडर.

ही फीत नुसत्या वयाने मिळत नाही. शिक्षणाची ठरलेली लष्करी परीक्षा पास व्हावी लागते. नकाशावाचनाची वेगळी परीक्षा असते. पाठीवर सामान आणि हातात हत्यार घेऊन 5 किलोमीटर धावणं, दोर चढणं, 9 फुटांचा खड्डा ओलांडणं ही चाचणी, नेमबाजी, तब्येतीची वरची श्रेणी. सेवापुस्तकात लाल शाईची नोंद, म्हणजे मोठी शिक्षा, असेल तर ती आडवी येते. आणि या सगळ्यावर कॅडर, म्हणजे बढतीआधीचं प्रशिक्षण आणि त्याच्या शेवटी कसोटी.

नकाशाची त्याला भीती होती, पण ती दोन संध्याकाळींत गेली. उर्दू माध्यमाच्या मुलांची अडचण बुद्धीची नसते, पारिभाषिक शब्दांची असते. उर्दूत शिकलेली गोष्ट हिंदीतल्या प्रश्नपत्रिकेत दुसऱ्याच नावाने समोर येते आणि मुलगा गोंधळतो. मी सातवीचं भूगोलाचं पुस्तक काढलं. समोच्च रेषा जवळजवळ असतील तर चढ उभा, लांब लांब असतील तर सौम्य. “हे तर मला पायांना माहीत आहे,” तो म्हणाला. सात वर्षं डोंगर चढलेल्या माणसाला कागदावरचा डोंगर ओळखायला वेळ लागत नाही.

खरी भीती दुसरीकडे होती. कॅडरमध्ये सोबतच्या जवानांपुढे उभं राहून पाठ घ्यावा लागतो. “टीचर, रायफल मी डोळे मिटून खोलतो, जोडतो. पण कसं करतो ते सांगता येत नाही.”

हे ऐकून मला माझं बीएड आठवलं. मागच्या बाकावर निरीक्षक वही उघडून बसलेले, पुढे चाळीस मुलं, आणि हातात रात्र जागून लिहिलेलं पाठ टाचण. सैन्याची पाठाची पद्धत आमच्या टाचणाची सख्खी बहीण वाटावी अशी आहे. आधी सांगा, मग करून दाखवा, मग त्यांच्याकडून करून घ्या, मग चुका दुरुस्त करत सराव. विषय येणं आणि विषय शिकवता येणं यांत केवढी दरी आहे, हे कुठल्याही शिक्षकाला विचारा. मला वाटतं, फितीची खरी परीक्षा या दरीतच आहे. बाकीच्या कसोट्या माणूस चांगला जवान आहे का हे पाहतात. ही एकच कसोटी पाहते की त्याच्यामुळे दुसरा चांगला जवान होईल का.

आमच्या मोहल्ल्यात 15 ऑगस्टला अब्दुल हमीद यांच्यावर भाषण झालं नाही असं वर्ष जात नाही. 10 सप्टेंबर 1965, खेमकरणचं मैदान, जीपवर बसवलेली 106 मिलीमीटरची रणगाडाविरोधी तोफ, आणि मरणोत्तर परमवीर चक्र. वक्त्यागणिक उडवलेल्या रणगाड्यांचा आकडा वाढत जातो. पण ते कोण होते, हे फारसं कुणी सांगत नाही. ते चौथ्या ग्रेनेडियर्स पलटणीत कंपनी क्वार्टर मास्टर हवालदार होते. म्हणजे शिधा, कपडे, सामानसुमान यांचा हिशेब सांभाळणारा माणूस. त्याआधी अनेक वर्षं ते याच तोफेच्या पथकात होते आणि तिच्यावरचे निष्णात नेमबाज म्हणून ओळखले जात. लढाईची वेळ आली तेव्हा कोठारातल्या हवालदाराला तोफेवर बोलावलं गेलं, ते या ओळखीमुळे. शौर्य त्या एका सकाळचं होतं. तयारी अनेक वर्षांची, आणि तिच्यावर कुणी भाषण करत नाही. मुलांना रणगाडे मोजायला शिकवण्यापेक्षा ती वर्षं मोजायला शिकवलं तर बरं होईल.

दुसरं उदाहरण नाईक जदुनाथ सिंग यांचं. पहिली राजपूत पलटण, 6 फेब्रुवारी 1948, नौशेराजवळची तैनधार. एका चौकीवर त्यांच्या हाताखाली अवघी नऊ माणसं. पहिल्या हल्ल्यात चार जखमी झाली. जदुनाथ सिंगांनी उरलेल्यांची पुन्हा मांडणी केली. दुसऱ्या हल्ल्यात ब्रेनगन चालवणारा जखमी झाला, तेव्हा स्वतः जखमी असलेल्या नाईकाने ती गन हातात घेतली. तिसऱ्या हल्ल्यात ते एकटेच स्टेनगन घेऊन पुढे गेले आणि तिथेच पडले. त्यांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. माझ्या विद्यार्थ्याला मी यातला मधला भाग पुन्हा वाचायला सांगितला. ब्रेनगन ज्याची होती तो पडला, तर ती नाईकाला चालवता यायलाच हवी होती. दहा जणांचं काम ज्याला येत नाही, त्याने दहा जणांचा पुढारी होऊ नये.

दहा हा आकडाही जुनाच. शिवाजी महाराजांच्या पायदळात नऊ पाईकांवर एक नाईक असे, आणि पाच नाईकांवर हवालदार. साडेतीनशे वर्षांत तलवारीची रायफल झाली, पण एक माणूस जेमतेम नऊ जणांचे चेहरे, सवयी आणि दुखणी नीट लक्षात ठेवू शकतो, हा हिशेब बदलला नाही. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे असाच एक सेक्शन घेऊन 10 जुलै 1944 रोजी इटलीत मशीनगनच्या तोंडी गेले. सेक्शनमधला प्रत्येक जण मेला किंवा जखमी झाला. मागे कुणी उरलं नाही हे ठाऊक असताना ते पुढे गेले, ती मशीनगन बंद पाडली आणि नंतर गोळी लागून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मला त्या पदकाइतकीच ती दहा माणसं आठवतात. आपल्या सेक्शनमधला कोण कुठे पडला, हे त्या क्षणी त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल.

मी विद्यार्थ्याला विचारलं, “तुझा पहिला नाईक कसा होता?”

तो पहिल्यांदाच हसला. “सातारकडचा होता टीचर. शिव्या फार द्यायचा. सेक्शनमध्ये मी एकटाच मुसलमान. पहिला रमजान आला तेव्हा मी काही बोललो नव्हतो. त्यानेच ड्युटीचा कागद बदलला. पहाटेचा पहारा माझ्याकडे दिला, म्हणजे सहरीला मी जागाच असणार. आणि इफ्तारच्या वेळी मला कुणी कामाला लावायचं नाही, असं सगळ्यांना सांगून टाकलं.”

“मग त्याबद्दल कुणी कुरकुर केली?”

“नाही. कारण दिवाळीत माझ्या वाट्याला तीन रात्रींचा पहारा त्यानेच लावला.”

मला या माणसाचं नाव माहीत नाही, पण तो मला फार मोठा उस्ताद वाटला. त्याने लाड केले नाहीत, वाटणी केली, तीही दहा जणांना दिसेल अशी. अशी वाटणी करणारा माणूस कुठल्या प्रश्नपत्रिकेत सापडेल? पण फीत लागण्याआधी हे यायला हवं. कालपर्यंत ज्याच्या ताटात जेवलो, त्या मित्राला आज मध्यरात्रीच्या पहाऱ्यावर उभं करता यायला हवं, आणि मैत्रीसाठी त्याला सूट न देता मैत्री टिकवताही यायला हवी. वरून आलेला हुकूम खाली नेमक्या शब्दांत पोचवता यायला हवा: परिस्थिती काय, आपल्याला करायचं काय, कसं करायचं, दारूगोळा आणि जेवणाची सोय काय, हुकूम कोण देणार आणि खूण काय. आणि खालची खरी गोष्ट वर सांगण्याची हिंमत हवी. माणसं थकली आहेत, पाणी संपलं आहे, हा रस्ता नकाशात आहे पण जमिनीवर नाही. साहेबांना आवडेल तेच सांगणारा नाईक दहा जणांचा जीव धोक्यात घालतो.

2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी पोरं भरती होत आहेत. त्यांतली जास्तीत जास्त 25 टक्के पुढे कायम होणार. या योजनेवर मतं वेगवेगळी असतील, पण एक गोष्ट उघड आहे: शिकायला वेळ कमी, म्हणजे शिकवणाऱ्यावर भार जास्त. पूर्वी जे बघत बघत अंगवळणी पडायचं, ते आता कुणीतरी बसून शिकवावं लागेल. म्हणून माझ्या हाती असतं तर मी कॅडरच्या कसोटीत एक अट घातली असती. सेक्शनमधला सर्वांत कच्चा जवान या उमेदवाराच्या हवाली करा. दोन महिन्यांनी उमेदवाराला नाही, त्या कच्च्या जवानाला तपासा.

मी त्याला सल्ला दिला नाही, शाळेत बोलावलं. सुट्टीच्या वर्गाला आलेली पंधरा-वीस मुलं होती. त्यांना होकायंत्र शिकव म्हटलं. पहिली पाच मिनिटं तो भिंतीकडे बघून बोलला. मग एका मुलीने विचारलं, “शेजारी लोखंडी फाटक असलं तर काटा चुकतो का?” तो थांबला, तिला घेऊन फाटकापर्यंत गेला आणि काटा हलताना सगळ्यांना दाखवला. त्यानंतर तो मुलांकडे बघून बोलू लागला. शेवटी मागच्या भिंतीजवळ गप्प उभ्या असलेल्या एका मुलाच्या हातात त्याने होकायंत्र दिलं आणि उत्तर शोधायला सांगितलं. मुलगा दोनदा चुकला. तो घाई न करता तिथेच उभा राहिला.

कॅडर पावसाळ्यानंतर आहे. त्याने नाव दिलं आहे.