भाऊबिजेचा फ्रिज

"ताई, फ्रिज कधी घेतला?" बँकेतल्या साहेबांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं.

मला वाटलं, माणूस गप्पिष्ट आहे. म्हटलं, "आमचा फ्रिज सासूबाईंच्या काळातला. दाराचं रबर गेलंय, दोरीनं बांधतो."

"आणि मोबाइल?"

"हा काय." काच तडकलेला माझा मोबाइल मी टेबलावर ठेवला.

मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ही २०२४च्या फेब्रुवारीतली गोष्ट. राहात्यात नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, फॉल-पिको, जूनमध्ये शाळेचे गणवेश. ओव्हरलॉकसाठी कपडे दुसरीकडे पाठवायचे म्हणजे नगामागे पैसे जातात आणि दिवसही मोडतो. म्हणून स्वतःचं मशीन घ्यावं आणि मुद्रा योजनेतून कर्ज काढावं असं ठरवलं. ५० हजारांपर्यंतचं शिशु कर्ज, तारण लागत नाही. कागद घेऊन गेले, तर साहेब म्हणाले, "तुमचं सिबिल बसलंय. ५६१. दोन कर्जं आहेत, एक फ्रिजचं, एक मोबाइलचं. सहा महिन्यांपासून दोन्ही थकलेत."

सिबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या अशा चार कंपन्या देशात आहेत. पण वनस्पती तुपाला आपण सरसकट डालडा म्हणतो, तसं आमच्याकडे सगळ्यालाच सिबिल म्हणतात. वर्षातून एकदा हा अहवाल फुकट मिळतो, हेही मला त्या दिवशीच कळलं. घरी येऊन मुलाच्या मदतीनं तो उतरवून घेतला. नाव माझं, पॅन माझं, जन्मतारीख माझी. संपर्काचा नंबर मात्र माझ्या धाकट्या भावाचा. फ्रिजच्या कर्जाची तारीख २६ ऑक्टोबर २०२२.

ती भाऊबीज होती.

माझं माहेर चितळीजवळच्या एका वस्तीवर. त्या दिवशी ओवाळून झालं, भावानं ताटात पाचशे एक रुपये टाकले, साडी दिली. जेवणं झाल्यावर म्हणाला, "ताई, रेशनकार्डावर तुझं नाव अजून तसंच आहे. लग्नाला बारा वर्षं झाली. कमी करून टाकतो. आधार दे." मला बरंच वाटलं, कारण सासरच्या कार्डावर नाव चढवायचं, तर आधी माहेरचं उतरवावं लागतं. आधार दिलं. पॅन आणि कॉलेजात असताना काढलेल्या बँक खात्याचं पासबुक तर माहेरच्या लोखंडी पेटीतच होतं, माझ्या दहावीच्या गुणपत्रिकेखाली. मग तो मला घेऊन ओट्यावर आला. "इथं उजेड आहे. फोटो लागतो, डोळे मिचकाव." मी मिचकावले. "नंबर आला असेल बघ." सांगितला. रेशनकार्डाला डोळे कशाला मिचकावायला लागतात, हे मी विचारलं नाही. सरकारी कामात काय काय करावं लागेल याचा नेम नसतो.

त्या दिवशी ओवाळणी कुणी कुणाला घातली, हा हिशेब मी अहवाल हातात घेऊन बराच वेळ करत बसले.

मोबाइलच्या कर्जाचंही मग आठवलं. पुढच्या मार्चमध्ये त्याचा फोन आला होता, "रेशनचंच राहिलंय, नंबर सांग." माझा पाय मशीनवर चालू होता, गिऱ्हाईक समोर उभं होतं. सांगून टाकला.

रविवारी माहेरी गेले. फ्रिज स्वयंपाकघरात, देवघराच्या भिंतीला लागून. निळा, वर क्रोशाचं कव्हर, त्यावर स्टॅबिलायझर आणि गणपती. ते कव्हर मीच विणून दिलेलं. 'बघ तुझ्या भावानं काय आणलं' म्हणून आईनं फोटो पाठवला, तेव्हा मी कौतुकानं मापही विचारून घेतलं होतं. गेल्या उन्हाळ्यात त्यातलं गार पाणी प्यायले, पोरांनी कुल्फ्या खाल्ल्या. आत दुधाचं पातेलं, सायीची वाटी, मेथीची जुडी, फडक्यात बांधलेला चक्का. माझ्या नावावरचा फ्रिज मी पहिल्यांदा नीट बघत होते.

भाऊ खोटं बोलला नाही, एवढं मानलं पाहिजे. "माझं सिबिल आधीच गेलंय, ताई. मित्राला जामीन राहिलो होतो, तो पळाला. मला कुणी उभं करत नाही. आईला फ्रिज पाहिजे होता. हप्ते मी भरणारच होतो." आणि भरलेही होते. त्या जुन्या खात्यात दर महिन्याला रोख टाकून, २०२३च्या ऑगस्टपर्यंत. तो ऑगस्ट कसा गेला ते सगळ्यांना ठाऊक आहे. १९०१पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. सोयाबीन माना टाकून उभं राहिलं, पेरूच्या झाडांना टँकर. हप्ते थांबले. वसुलीवाल्यांचे फोन त्याला येत, तो उचलत नसे. माझ्या कानावर काही यायचा प्रश्नच नव्हता.

"मला विचारलं असतंस तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

याला उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं.

आई चहा गाळत होती. पाठमोरीच म्हणाली, "अगं, घरातच हाय ना तो. बाहेर कुणी नेला का?"

मी चिडले ते या वाक्यावर. भावावर तेवढी चिडले नव्हते. कारण आईला हे मनापासून तसंच वाटत होतं. पेटीतले कागद घराचे, जसं उखळ-मुसळ घराचं. त्यावर नाव कुणाचं आहे, ही तलाठ्यानं बघायची गोष्ट. आणि लग्न झालेल्या मुलीचं तर नाव एका घरात, कागद दुसऱ्या घरात. माझ्या आधारावर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं. इतकी वर्षं मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

माझ्याकडे ब्लाउज शिवून घेणाऱ्या एक वकीलबाई आहेत. त्यांनी माप देता देता सांगितलं, की दुसऱ्याची ओळख अशी वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. "कर्ज माझं नाही म्हणून तक्रार करा. पण कंपनी पोलिसातल्या तक्रारीची प्रत मागेल. द्याल?" मी टेप गळ्यात टाकून नुसती उभी राहिले. "मग बाही किती ठेवू?" असं मीच विचारलं.

नवऱ्यानं एकदा "तुझ्या माहेरचं" म्हणून सुरुवात केली होती. पण त्याच सुमारास गॅस एजन्सीचा निरोप आला, ई-केवायसी करून घ्या, ग्राहकाला घेऊन या. ग्राहक म्हणजे माझे सासरे. ते २०१६ साली गेले. आठ वर्षं त्यांच्या नावावर आम्ही सिलिंडर बुक करत होतो, सिलिंडर आला की त्यांच्या नावचा नंबर मी हसत सांगत होते. त्यानंतर घरात त्या विषयावर कुणी फार बोललं नाही.

थकबाकी, दंड आणि हप्ता परत गेल्याचे बाउन्स चार्ज धरून रक्कम २२ हजारांच्या घरात गेली होती. कंपनीला फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, चौदा भरा, मिटवून टाकू." भावाचे डोळे चमकले. पण वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं: कमी पैशांत मिटवलं, तर नोंदीत 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो शेरा बघूनच फाइल बाजूला ठेवते. 'क्लोज्ड' पाहिजे असेल, तर पूर्ण भरा. भावानं पुढच्या बहाराचे पेरू व्यापाऱ्याला आगाऊ देऊन टाकले, त्यातून १५ हजार आले. सात मी घातले, ओव्हरलॉकसाठी साठवलेले. कर्ज फिटल्याचा दाखला घेतला आणि त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. अहवालात 'क्लोज्ड' यायला पुढे सव्वा महिना लागला. थकलेल्या महिन्यांच्या खुणा मात्र तशाच राहिल्या, त्या लगेच पुसल्या जात नाहीत. मुद्राचं कर्ज काही मिळालं नाही. शिर्डीतल्या एका टेलरनं दुकान आवरलं, त्याचं जुनं ओव्हरलॉक १४ हजारांत घेतलं, तेही गिऱ्हाइकांच्या कामातून फेडायच्या बोलीनं. सुई दोन-तीनदा मोडते, पण चालतं.

पेटीतले माझे कागद मी घेऊन आले. आई म्हणाली, "दहावीचं तरी राहू दे." ते ठेवलं.

भावाशी बोलणं बंद वगैरे झालं नाही. तो येतो, येताना पेरू आणतो. मोबाइल कुठं वाजला, की दोघंही क्षणभर गप्प होतो, एवढंच.

त्यानंतर काही महिन्यांनी सासरच्या रेशनकार्डावर नाव चढवायला तहसीलच्या पुरवठा शाखेत गेले. तिथल्या बाईंनी नंबर टाकला आणि म्हणाल्या, "तुमचं नाव माहेरच्या कार्डावर अजून आहे की. कधी कमीच केलेलं नाही. कार्ड आईच्या नावावर आहे, त्यांचं आधार आणा."

जिन्यात उभी राहूनच मी भावाला फोन लावला. "आईच्या आधारचा फोटो पाठव."

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज आला नाही.

"कशाला पाहिजे, ताई?"