बॉस कोण?

मराठी घरातला कुत्रा इंग्रजी माध्यमातला असतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. एरवी दुकानांच्या पाट्या मराठीत नाहीत म्हणून तावातावानं बोलणारे आजोबासुद्धा संध्याकाळी खाली उतरले की ‘नो टॉमी! कम हिअर! सिट, सिट’ सुरू. आमच्याकडे मिरी आली तेव्हा आईंनी (म्हणजे सासूबाईंनी) जाहीर केलं की हे असलं आपल्याकडे चालायचं नाही. पुण्यातल्या पार्किंगमध्ये जन्मलेली पोर, तिला कशाला हवंय इंग्रजी?

मुद्दा बिनतोड होता, पण मराठीत कुत्रं शिकवणं वाटतं तितकं सोपं नाही हो. साधा ‘बस’ शब्द घ्या. पानात भाजी वाढताना ‘बस बस बस’. टीव्हीवर चर्चेत माणसं भांडायला लागली की ‘बस झालं आता’. पाहुणे आले की ‘बस ना, उभी का?’ शिवाय रोज कुणाची ना कुणाची बस चुकतेच. आता मिरीच्या बाजूनं बघा. हा आवाज दिवसात पन्नास वेळा कानावर पडतो आणि त्यातल्या तीन-चार वेळाच त्याचा तिनं बूड टेकण्याशी संबंध असतो. बाकी वेळी काहीच घडत नाही. तिनं निष्कर्ष काय काढायचा? की हा आवाज म्हणजे नुसता पंखा चालू आहे. आणि ‘हाड’चं तर विचारूच नका. चघळायला द्यायचं तेही हाड आणि हाकलायचं तेही हाड!

शेवटी आम्ही ‘सिट’वर आलो. त्याचं कारण एवढंच, की आमच्या घरात तो शब्द दुसऱ्या कुठल्याच कामाला लागत नाही. (परदेशात काही पोलीस कुत्रे जर्मन शब्दांवर काम करतात असं वाचलं, तेव्हा आईंना जरा बरं वाटलं.) बाकी ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’, ‘जागेवर’ मराठीतच राहिले. फ्रिजवर कागद चिकटवला आणि चौघांनीही हेच शब्द वापरायचे, पुढेमागे काही जोडायचं नाही, असं ठरलं. बाबांना ते सर्वांत जड गेलं. त्यांची ‘ये’ म्हणजे ‘अगं ए मिरीबाई, या आता, किती वेळ झाला, काय शोधताय तिकडे’ अशी असते. प्रेमानं ओथंबलेली, पण तिला त्यातलं ‘ये’ सापडायचं कुठे?

इथवर सगळं मजेत चाललं होतं. मग २०२४च्या मे महिन्यात ताई आली, सोबत साडेपाच वर्षांचा भाचा. (ताईला विचारूनच हे लिहितेय.) दुसऱ्या दिवशी दुपारी मिरी तिच्या कोपऱ्यात एक चामड्याचं हाड चघळत बसली होती आणि भाचा ते घ्यायला वाकला. ती चघळायची थांबली. अंग ताठ, मान हाडावर तशीच खाली, डोळ्यांच्या कडांना पांढरं दिसायला लागलं, आणि मग खोल घशातून गुरगुरणं. दात लागला नाही. नवऱ्यानं भाच्याला उचललं, मिरी तिथेच बसून राहिली. सगळं मिळून चार सेकंद. पण त्या चार सेकंदांनी घरात जी शांतता पसरली ती रात्रीपर्यंत टिकली.

ताई म्हणाली, “हे बघ, मला कुत्र्यांचं वावडं नाही. पण आधी माझं पोर. ही इथे असेल तर दिवाळीला आम्ही हॉटेलात उतरू, नाहीतर येणारच नाही.” यात चुकीचं काय होतं? मी तिच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. बाबा काहीच बोलले नाहीत. आईंनी मात्र दबक्या आवाजात विचारलं, “शेतावर कुणी ठेवून घेईल का गं तिला?”

आधी डॉक्टरांकडे नेऊन आणलं. कारण दात, कान, पोट काही दुखत असेल तरी कुत्रं असं वागतं. सगळं ठीक निघालं. मग कुणीतरी सुचवलेला एक ट्रेनर आला. दारातून आत आल्याआल्या त्यानं निदान केलं, “मॅडम, हिला वाटतंय ही घरातली बॉस आहे.” उपायही तयार होते. गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी. आधी आपण जेवायचं, मग ती. दारातून आधी आपण. जेवताना मुद्दाम तिच्या भांड्यात हात घालायचा. आणि गुरगुरली की उताणं पाडून धरून ठेवायचं, ती ढिली पडेपर्यंत. “लांडग्यांच्या कळपात असंच असतं.”

लांडग्यांचं ऐकून मी जरा शोधाशोध केली. ती कथा मोठी गमतीशीर आहे. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल नावाच्या स्विस अभ्यासकानं बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांचं निरीक्षण लिहिलं. ते कुंपणात कोंडलेले लांडगे होते आणि वरचढ कोण यावरून त्यांच्यात सतत झटापटी व्हायच्या. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकाचं १९७० सालचं लांडग्यांवरचं पुस्तक खूप खपलं आणि ‘अल्फा’ हा शब्द सगळीकडे पोचला. मग १९८६पासून हाच मेक कॅनडाच्या अतिउत्तरेला एल्समीर बेटावर उन्हाळ्या-उन्हाळ्यात जाऊन रानातले लांडगे बघत राहिला. दिसलं काय? कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पोरं. पोरं मोठी झाली की जोडीदार शोधायला निघून जातात. कुणी कुणाला हरवून बॉस होत नाही, आईबाप आहेत म्हणून पुढे असतात. १९९९मध्ये त्यानं हे सविस्तर लिहिलं आणि आपल्याच जुन्या पुस्तकाची छपाई थांबवा म्हणून प्रकाशकाच्या मागे लागला. ती थांबली २०२२ला!

उताणं पाडण्याचंही तेच. न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू स्कीट मठातले साधू जर्मन शेफर्ड पाळतात. त्यांच्या १९७८च्या पुस्तकामुळे ही पद्धत लोकप्रिय झाली, आणि २००२च्या आवृत्तीत त्यांनीच ती मागे घेतली. म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांनी सोडून दिलं, आणि आमच्या हॉलमध्ये ते अजून चालू. शिवाय मिरी लांडगा नाही, आणि आम्ही तर नाहीच. :)

पण मला खरी अडचण वेगळीच वाटत होती. गुरगुरणं ही मिरीची भाषा आहे. ‘जवळ येऊ नका, मला भीती वाटतेय’ हे सांगायला तिच्याकडे तेवढंच आहे. दर वेळी त्याबद्दल शिक्षा केली तर ती कदाचित गुरगुरणं बंद करेलही. पण भीती तशीच राहील. मग पुढच्या वेळी आधी आवाज होणार नाही, थेट दातच लागेल. गाडीचा हॉर्न काढून टाकला म्हणजे गाडी थांबत नाही. आणि एका लहान मुलाच्या जवळ बिनहॉर्नची गाडी मला नको होती.

तिचं म्हणणं मला कळतही होतं. ती सापडली तेव्हा अंदाजे दहा आठवड्यांची होती, चार भावंडांत. स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांनी पिल्लांवर वर्षानुवर्षं काम करून १९६५ साली पुस्तक लिहिलं. त्यात तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या सामाजिक शिक्षणाचा म्हणून दाखवलाय. त्या काळात पिल्लू जे शिकतं ते पक्कं बसतं. मिरीनं त्यातला बराचसा काळ पार्किंगमध्ये काढला. तिथे ती एकच गोष्ट शिकली असणार: तोंडात आलेलं सोडलं की संपलं.

म्हणून ट्रेनरला नमस्कार केला आणि त्याच्या सल्ल्याच्या बरोबर उलटं सुरू केलं. भांड्यात हात घालणं बंद. ती जेवत असताना दोन मीटरवरून नुसतं जायचं, जाता जाता उकडलेल्या चिकनचा बोटभर तुकडा तिच्याकडे टाकायचा आणि न थांबता पुढे. बस, एवढंच. (हा बघा, आला परत ‘बस’.) माणूस जवळ आला की काही जात नाही, उलट काहीतरी येतं, हे तिच्या अंगात मुरेपर्यंत. ती भरभर गिळायला लागली किंवा ताठ झाली की आपण फार जवळ गेलो असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी अंतर वाढवायचं. शेपटी सैल, मान वर करून ‘आला का तुकडा?’ असं बघायला लागली की अर्धं पाऊल पुढे. पहिला मीटर कमी व्हायला तीन आठवडे लागले. दुसरा त्यापेक्षा लवकर झाला.

‘सोड’ची गंमत निराळी. तिच्या तोंडातली वस्तू ओढायची नाही. नाकापुढे चीज धरायचं, ती वस्तू टाकते, ‘सोड’ म्हणायचं, चीज द्यायचं, आणि टाकलेली वस्तू तिला परत द्यायची. हे परत देणं फार महत्त्वाचं, आणि नेमकं तेच माणसाच्या जिवावर येतं. नवरा म्हणायचा, “मोजा मिळालाय तर परत कशाला देतेस?” म्हणून सरावाला तिचंच खेळणं घ्यायचं, मोजा नाही.

एक गोष्ट मिरीला शिकवावीच लागली नाही, ती म्हणजे हाताची खूण. बोट दाखवलं की बरोबर तिकडे जायची. कोलकात्याच्या आयसरमध्ये अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी २०२०मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखवलं होतं. बरेच कुत्रे माणसाच्या भीतीनं जवळच आले नाहीत. पण जे आले त्यांतले सुमारे ८० टक्के दाखवलेल्या भांड्याकडे गेले. कुणीही न शिकवलेले, रस्त्यावरचे. हे वाचून दाखवलं तेव्हा आई मिरीकडे बघून म्हणाल्या, “मग इतके दिवस मी उगीच बोलत होते होय!” तेव्हापासून त्या तोंडानं बोलतात ते स्वतःच्या समाधानासाठी आणि काम हातानं करतात.

खाऊ देऊन सगळंच शिकवता येतं असं मात्र नाही. स्किनरचे विद्यार्थी असलेलं ब्रेलंड दांपत्य पोटापाण्यासाठी प्राणी शिकवायचं. त्यांनी १९६१ साली आपल्या फजितीवरच एक लेख लिहिला. रॅकून नावाच्या प्राण्याला नाणी डब्यात टाकायला शिकवलं. एक नाणं असताना जमलं, दोन दिल्यावर तो डब्यात टाकायचंच विसरून ती कंजूष सावकारासारखी एकमेकांवर घासत बसायचा. खाणं धुवून-घासून घ्यायची त्याची उपजत सवय वर आली. मिरीचं तसं कुरिअरवाल्याशी आहे. चिकन, चीज, पनीर सगळं झालं, तरी बेल वाजली की आधी भुंकणार आणि मगच जागेवर जाणार. आता आम्ही तिला चार वेळा भुंकू देतो. पाचव्याला ‘जागेवर’.

दिवाळीला ताई आली, आणि घरीच उतरली. येण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराला लाकडी फाटक बसवून घेतलं होतं. मिरी जेवते आणि हाड चघळते ती फाटकाच्या आत, आणि ते लावलेलं आहे का हे बघायचं काम एका वेळी एकाच मोठ्या माणसाचं. मुलावर शिकवणीचा प्रयोग करायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. भाच्याला फक्त हाताची खूण शिकवली: तळहात वर उचलायचा, ती बसली की तुकडा जमिनीवर टाकायचा, हातातून द्यायचा नाही. त्यानं पहिल्या दिवशी तिला अठ्ठावीस वेळा बसवलं. बाबा मोजत होते. एकोणतिसाव्या वेळी ती उठून बाल्कनीत निघून गेली आणि तो तिच्या मागे निघाला, तेव्हा ताईच म्हणाली, “राहू दे रे, दमली ती. तिला तिच्या जागेवर जाऊ दे.”

फाटक अजून आहे. भाचा आठ वर्षांचा होईपर्यंत तरी काढणार नाही.