पंधरा मिलिमीटर

ती. काकांस,


मर्सिडीज काढून इनोव्हा हायक्रॉस आणली तर ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये मावेल का, हा तुमचा पहिला प्रश्न. मावेल. मर्सिडीजची लांबी ४७४० मिलिमीटर, हायक्रॉसची ४७५५. रुंदी मात्र ११० मिलिमीटरने जास्त, तेव्हा खांबाकडचं दार जपून उघडावं लागेल.

गंमत अशी, की जवळपास तेवढ्याच लांबीत दोन्ही गाड्यांनी अगदी वेगळे संसार थाटले आहेत. मर्सिडीजचं निम्मं वैभव तिच्या लांब नाकात. आत इंजिन उभं बसवलेलं, तिथून मागच्या चाकांपर्यंत गेलेला शाफ्ट, आणि शेवटी ५२० लिटरची डिकी. मधे उरलेल्या जागेत कागदोपत्री पाच माणसं. प्रत्यक्षात चार, कारण मागे मधोमध बसणाऱ्याच्या पायांत शाफ्टचा उंचवटा येतो. हायक्रॉसचं इंजिन आडवं आणि ओढ पुढच्या चाकांना. शाफ्टच नाही. ती वाचलेली जागा आणि डिकीचा बराचसा भाग तिसऱ्या रांगेनं घेतला. सगळे बसले की बॅगांची पंचाईत, हेही खरं.

तुमची ई २२० म्हणजे कंपनीच्या भाषेत डब्ल्यू १२४. ब्रूनो साक्को डिझाइनचे प्रमुख असताना, १९८४ च्या अखेरीस ती जर्मनीत आली. १९९५ मध्ये आपल्या पिंपरीत, टेल्कोच्या आवारात तिची जुळणी सुरू झाली, तेव्हा युरोपात तिची जागा घेणारी गाडी बाजारात उतरत होती. आपण दुसऱ्या पंगतीला बसलो. पण वाढलं होतं तेच ताट. तिचा एकुलता एक वायपर आठवा. तो नुसता फिरत नाही, फिरता फिरता कोपऱ्यांकडे लांब होतो आणि काचेचा ८६ टक्के भाग पुसतो. दोन साध्या वायपरांत भागलं असतं, तिथं इतका खटाटोप करणारी ती माणसं!

इनोव्हाचा जन्म चाकरीसाठीच. २००५ मध्ये बिडदीच्या कारखान्यातून ती आली, क्वालिसच्या जागी. २०१६ ची क्रिस्टासुद्धा ट्रकसारख्या शिडीवजा चौकटीवर उभी होती. हायक्रॉसनं ती चौकट सोडली. तिची हायब्रिड आवृत्ती सिग्नलवरून बहुधा बॅटरीवरच निघते. इंजिन मागाहून जागं होतं.

खरा निकाल काकूंच्या गुडघ्यांनी द्यावा. मर्सिडीजमध्ये खाली उतरल्यासारखं बसावं लागतं आणि उठताना दाराचा आधार लागतो. हायक्रॉसची सीट कमरेच्या उंचीवर, नुसतं सरकायचं. शिवाय पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी नोंदणी वाढवायची. तुमची १९९६ ची, म्हणजे २०२६ ला पुन्हा आरटीओची फेरी.

तेव्हा हायक्रॉस घ्या. मर्सिडीज मात्र पावसाळ्याआधी विकू नका; मुलांना तो वायपर चालताना दाखवायचा आहे.

आपला,
पुतण्या