बालाघाटची धूळ आणि दादाचं इंजिन

आपल्या भागातून बालाघाटला जायचं म्हणजे आधी कोल्हापूर गाठायचं. तिथून महाराष्ट्र एक्सप्रेसने अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडून दुसऱ्या दिवशी गोंदिया, आणि तिथून उत्तरेला चाळीसेक किलोमीटरवर वैनगंगेच्या काठी बालाघाट. आमच्या आत्याला तिकडे देऊन पन्नास वर्षं झाली. आतोबा भरवेलीच्या मँगनीज खाणीत कारकून होते. "एवढ्या लांब पोरगी दिली," असं आजी शेवटपर्यंत म्हणत राहिली.

पण गाव परकं वाटत नाही. पूर्वी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशातच राहिलं. आपल्या बेळगावनेही त्याच दिवशी राज्य बदललं. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, आणि रागावताना जी आधी तोंडात येईल ती, ही रीत तिकडेही आहे. फक्त कन्नडच्या जागी हिंदी आणि पोवारी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत गेलो, तर आत्याच्या अंगणात पिकअप नव्हती. आतेभाऊ, म्हणजे आमचा दादा, त्या गाडीवर भात, भाजीपाला, सिमेंट, मिळेल ते वाहतो. ऐन भातकापणीचे दिवस. २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला इथला चिन्नोर तांदूळही याच हंगामातला. वर्षाची कमाई ज्या दोन महिन्यांत होते, नेमकी त्याच वेळी गाडी मिस्त्रीच्या दारात उभी.

वर्षभरापूर्वीच दुसऱ्या गावच्या एका गॅरेजात तिचं इंजिनचं काम झालं होतं. सहा महिन्यांत पुन्हा निळा धूर, तेलाचा खप, आणि थंडीत सकाळी ढकलस्टार्ट. वहिनीने साफ सांगितलं, "आता भंगारात घाला. माझ्या पाटल्या एकदा गहाण पडल्यात, पुन्हा नाही." पोरीची नर्सिंगची फी तोंडावर होती. वहिनीचं चुकत होतं असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाबरोबर मिस्त्रीकडे गेलो. साठीचा माणूस, शर्टाच्या खिशात चष्मा आणि मायक्रोमीटर शेजारी शेजारी. मी बेळगावकडचा म्हटल्यावर म्हणाला, "बेलगाम? वहाँ तो क्रँक बनते हैं!" उद्यमबागेचं नाव इतक्या लांब निघालेलं ऐकून मला उगीचच बरं वाटलं. वास्तविक क्रँकशाफ्ट जवळून मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहत होतो.

हेड काढलेलं होतं. मिस्त्रीने माझं बोट धरून सिलिंडरच्या वरच्या कडेवर फिरवलं. नखाला एक ओठ लागला. पिस्टनची वरची रिंग जिथे उलटते, तिथे लायनर सगळ्यात जास्त झिजतो, आणि त्याच्या वरची न घासलेली कड तशीच राहते. डिझेलला पेट्रोलसारखी ठिणगी लागत नाही. रुडॉल्फ डिझेलचं १८९७ चं इंजिन असो की दादाची पिकअप, हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच तेल पेटावं. दाब निसटला की सकाळी इंजिन उठत नाही. आधीच्या गॅरेजवाल्याने झिजून लांबट गोल झालेल्या लायनरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या होत्या. गोल रिंग लांबट भोकात कशी बसावी?

पण लायनर इतक्या लवकर झिजला का, हा खरा प्रश्न होता, आणि मिस्त्री मला इथे आवडला. त्याने एअर फिल्टर आणि इंजिन यांमधला रबरी पाइप उचलला आणि आत बोट घालून बाहेर काढलं. बोटावर तांबूस काळी भुकटी. पाइप खालच्या अंगाला, क्लिपेपाशी चिरला होता. म्हणजे फिल्टर कितीही नवा घाला, खाणीच्या रस्त्यांवरची धूळ फिल्टर चुकवून थेट आत जात होती आणि तेलात मिसळून पॉलिश पेपरसारखं काम करत होती. एका चिरेने सगळं इंजिन खाल्लं. मी हे फोनवर घरी सांगितलं. आमच्या घरातली कन्नड बाजू हुबळीकडची, लॉरीवाल्यांच्या घरातली. ती म्हणाली, "एण्णी, नीरु तर सगळेच बघतात, धूळ कोण बघतं?"

दादाला मात्र या निमित्ताने ताकद वाढवून हवी होती. बैहरकडचा घाट भरल्या गाडीने चढताना फार रडवतो. कुणीतरी टर्बो बसवायला सांगितलं होतं, कुणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवायला. मिस्त्री म्हणाला, "पहले साँस ठीक करो, भैया." जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, काळा धूर आणि एक दिवस वितळलेला पिस्टन. त्याने सुधारणा केल्या, पण वेगळ्या. दोन थरांचा मोठा एअर फिल्टर, डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा जादा फिल्टर, डॅशबोर्डवर तेलाचा दाब दाखवणारा काटा. आणि थर्मोस्टॅट परत बसवला. आपल्याकडेही कितीतरी ड्रायव्हर "गाडी गरम होते" म्हणून तो काढून फेकतात. पण इंजिनला ऐंशीच्या वर अंश लागतातच. सतत थंड चालणारं इंजिनही झिजतं. गरम होण्याचं खरं कारण रेडिएटरमध्ये होतं. बोअरचं पाणी ओतून ओतून आत चुन्याचा थर बसला होता, चहाच्या जुन्या पातेल्यात बसतो तसा.

ब्लॉक गोंदियाला गेला. नवे लायनर, नवे पिस्टन. क्रँकला तडा नाही हे तपासून जर्नल पाव मिलिमीटरने घासले आणि त्या मापाची बेअरिंगं घातली. नोझल टेस्ट बेंचवर लावले, तर चारपैकी दोन फवारण्याऐवजी ठिबकत होते. असं ठिबकलेलं डिझेल लायनरवरचं तेल धुऊन टाकतं. ब्लॉक परत आला तेव्हा लायनरच्या आत तिरप्या रेघांची जाळी होती, थेट शंकरपाळ्यांसारखी. त्या रेघांत तेल धरून राहतं.

या सगळ्यात अकरा दिवस गेले. हंगामाचे अकरा दिवस! दादा रोज सकाळी जाऊन बसे, मिस्त्री घाई करत नसे. हेडचे बोल्ट त्याने टॉर्क रेंचने, ठरल्या क्रमाने, तीन टप्प्यांत आवळले. मधेच कुणी बोलायला आलं तर हात थांबवून पुन्हा पहिल्यापासून मोजी. परीक्षेचे पेपर तपासताना मी एवढा काटेकोर असतो का, असा एक नको तो विचार मनात आला.

वहिनीने शेवटी पैसे दिले ते मिस्त्रीच्या एका अटीवर. पहिले हजार किलोमीटर गाडी अर्ध्या भाराने चालवायची, मग तेल बदलायचं, आणि दर शनिवारी तो रबरी पाइप हाताने चाचपायचा. तो चाचपायचं काम वहिनीने स्वतःकडे घेतलं.

मी निघायच्या दिवशी पिकअपनेच स्टेशनवर सोडलं. चावी फिरवली आणि पहिल्या फेऱ्यात इंजिन उठलं. आत्या ओट्यावरून ओरडली, "धूर बघ, धूर!" आम्ही सगळे मागे वळून बघत राहिलो. धूर नव्हता.

परवा दादाचा फोन आला. मिस्त्रीची अट संपली आहे, भरल्या गाडीने बैहरचा घाट दोनदा चढून झाला, काटा जागेवर आहे. चढताना अजूनही मागचे ट्रक हॉर्न वाजवतात. पाटल्या जूनपर्यंत सुटतील म्हणतो.