मागं घर कुठंय?

परवा हार्ड डिस्क आवरताना निमगाव केतकीचे जुने फोटो सापडले. तुकोबांची पालखी यायची होती आणि आजी ओट्यावर वाट बघत बसली होती. मी मात्र दोन लेन्सची तुलना करण्यात दंग!

एक कॅननची ५० एमएम एफ/१.४. दुसरी ॲडाप्टर लावून वापरायची सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, ५८ एमएम एफ/२. दोन्ही ॲपर्चर पूर्ण उघडून वापरल्या. कॅननने आजीच्या पांढऱ्या केसांभोवती हलकीशी धुकट चमक आणली आणि मागचं सगळं विरघळवून टाकलं. हेलिओसमध्ये मधला चेहरा नीट, पण मागची लिंबाची पानं डोक्याभोवती गरगर फिरतायत. कडेने येणारा प्रकाश लेन्सच्या नळीत थोडा कापला जातो, त्यामुळे उजेडाचे गोल ठिपके बदामासारखे निमुळते होतात आणि भोवरा झाल्यासारखं वाटतं. मला तेव्हा हेलिओसच जिंकली असं वाटलं होतं.

आजीला स्क्रीनवर दाखवलं. ती म्हणाली, "चांगलाय. पण मागं घर कुठंय रं?"

मी हसलो होतो. आता आजी नाही, आणि ते घरही पाडलं. त्याच दिवशी काकांनी साध्या डिजिटल कॅमेऱ्याने एक फोटो काढला होता. त्यात चौकट, उंबरा, कोनाडा, सगळं स्वच्छ दिसतंय. तेव्हा मी त्याला 'फ्लॅट' म्हणून नाकं मुरडली होती.

हल्ली घरच्यांचे फोटो काढताना एक तरी एफ/८ ला काढतो. असो.