समासातलं मिरज

नांदेड

चि. छकुलीस,

तुझ्या ‘ड्यून’च्या समासात पेन्सिलीनं ‘मिरज’ लिहिलंय, ते मीच. खोडू नकोस.

विज्ञानकथा म्हटलं की मला आजवर नारळीकरच ठाऊक. हे जाडजूड इंग्रजी पुस्तक तुझ्या हट्टापायी उघडलं आणि सुरुवातीला नावांतच ठेचकाळत राहिलो. मग ती मेजवानी आली. वाळवंटी ग्रहावरचा वाडा, जेवणघराच्या दाराशी पाण्याची घंगाळं. पाहुण्यांनी हात बुचकळायचे, मुद्दाम फरशीवर पाणी सांडायचं, टॉवेल खाली टाकायचा. त्या टॉवेलांतून पिळून निघणाऱ्या पाण्यासाठी बाहेर भिकारी ताटकळलेले. तिथं मी पेन्सिल शोधली.

2016 साली तू नुकतीच घरापासून दूर गेली होतीस. तुझ्या आईनं फोनवर तुला फारसं कळू दिलं नाही. लातूरला पाणी देणारं धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांजवळ पाचपेक्षा जास्त माणसं जमू नयेत म्हणून 144 कलम लागलं. मी नांदेडहून गोदावरीच्या पाण्याचे कॅन लातूरला तुझ्या आईकडे घेऊन जायचो. ती घमेल्यात बसून आंघोळ करायची, त्याच पाण्यानं फरशी पुसायची, उरलेलं संडासात ओतायची. ‘ड्यून’च्या हर्बर्टनं 1965 साली अंगातला घाम गाळून परत पाजणारा पोशाख लिहिला. तुझ्या आईनं तो केवढ्याला मिळतो, एवढंच विचारलं असतं.

12 एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली. 10 वाघिणी, 5 लाख लिटर, कृष्णेचं पाणी. पुढं 50 वाघिणींच्या खेपा सुरू झाल्या. स्टेशनाजवळच्या विहिरीत पाणी उतरवायचं, तिथून शुद्धीकरणाला, मग टँकरनं गल्लोगल्ली. ऑगस्टपर्यंत हे चाललं. आणि त्याच हंगामात मराठवाड्यातले कारखाने ऊस गाळत होते! आमचं फरशीवर सांडलेलं पाणी ते.

वाळूतल्या त्या अजस्र अळ्या मी निमूट मान्य केल्या, भविष्य दाखवणारा मसालाही. पण त्या वाड्याचा धनी ड्यूक लेटो हुकूम सोडतो, ही टॉवेलांची रीत बंद, दारी येणाऱ्याला पेलाभर पाणी द्या. तिथं मात्र अडलो. आपल्याकडे त्याच वर्षी परतीच्या पावसानं मांजरा भरलं आणि ऊस पुन्हा जोमात. ‘मिरज’पुढं प्रश्नचिन्ह आहे, ते त्यासाठी.

पुढचा भाग पाठव. अक्षर जरा मोठं असेल असं बघ.

तुझा,
मामा